पाणी उकळू नका! (टोलेडो, ऑगस्ट २०१४)

मॉमीकाठची

परवा इथल्याच एका धाग्यावर पिण्याच्या पाण्याची चर्चा चालली होती आणि तिसऱ्याच प्रतिसादात कुणीतरी लिहून टाकलं, "उकळून प्या, विषय संपला." तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते मारुतीच्या शेपटासारखं लांबलं. म्हणून वेगळा धागा.

मी ओहायोतल्या टोलेडोत राहते. गाव ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला, मॉमी नदीच्या मुखाशी. (आयडी तिथूनच आलाय. मम्मीशी संबंध नाही, आधीच सांगते.) २०१४ च्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती आणि लेक सात महिन्यांची होती. २ ऑगस्ट, शनिवार. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी महापालिकेने सूचना काढली होती, मी सकाळी फोन बघितला तेव्हा कळलं: शहराचं पाणी पिऊ नका. आणि त्याखाली, उकळू नका.

स्वयंपाकघरात आले तर आईने नेहमीप्रमाणे पातेलं चढवलेलं. मी सूचना वाचून दाखवली. ती म्हणाली, "अगं मग उकळतेच आहे की. वीस मिनिटं खळखळ उकळलं की काय राहतंय त्यात? २००५ च्या पुरात महिनाभर हेच केलं आपण."

"आई, उकळलं की वाढतं ते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की अमेरिकेत राहून पोरीचं डोकं फिरलंय. गॅस मात्र बंद केला.

तिचं चुकलं काहीच नव्हतं. पुराच्या पाण्यात असतात ते जंतू, आणि ते उकळल्यावर मरतात. आमच्या नळाला आलं होतं मायक्रोसिस्टिन. ते जिवंत नसतंच. सात अमिनो आम्लांची एक बारीकशी बंद कडी, आणि शंभर अंशाला ती कडी काही तुटत नाही. उलट लिटरभर पाणी आटून पाऊण लिटर झालं की विष तेवढंच आणि पाणी कमी. शिवाय पाण्यात शेवाळाच्या पेशी अजून शाबूत असतील तर उकळताना त्या फुटतात आणि आतलं विषही पाण्यात उतरतं.

हे विष बनवतं मायक्रोसिस्टिस नावाचं निळं-हिरवं शेवाळ. आपण शेवाळ म्हणतो, पण खरं तर हे जिवाणूच, सायनोबॅक्टेरिया. प्रकाशसंश्लेषण करणारे. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो यांच्याच पूर्वजांनी, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा सरसकट शिव्या घालायला नको.

बाकी सरोवर दिसतं कसं ते सांगते, कारण फोटोत ते नीट कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडलेल्या सकाळी काठावर गेलं तर आधी पाण्यात बारीक हिरवी कणी दिसते, वाटलेली कोथिंबीर पाण्यात सोडल्यासारखी. दुपारपर्यंत तीच कणी वर येऊन तिचा जाड तवंग होतो, ऑइल पेंट सांडल्यासारखा. लाट काठावर आपटली तरी फुटत नाही, नुसती हलते. एकदा मी त्यात काठी बुडवून वर काढली. काठीला रंग दिल्यासारखा थर चिकटला. साधं शेवाळ असतं तर केसांसारखं लोंबलं असतं. इथले लोक हीच ओळख सांगतात.

वर येण्याची करामत अशी: पेशीत वायूने भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात, प्रथिनाच्या भिंतीच्या. त्यांच्यामुळे ती तरंगते. दिवसभर उन्हात साखर बनवून साठवली की पेशी जड होते आणि खाली बसते, रात्री साखर खर्च झाली की पुन्हा वर. म्हणजे खालचं खत आणि वरचं ऊन, दोन्ही हिला मिळतं. बाकीची बिचारी हिरवी शेवाळं आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं स्थिर पाण्यात हळूहळू तळाला जातात, आणि वर हिची साय धरली की त्यांना ऊनही मिळत नाही. पाणी पंचविशीच्या वर तापलेलं, वारा नाही, फॉस्फरस मुबलक. मग हिचंच राज्य.

त्या शनिवारचं दुर्दैव म्हणजे शेवाळाचं ते काही सर्वांत मोठं वर्ष नव्हतं. २०११ चा बहर त्याहून कितीतरी मोठा होता. पण शहराचं पाणी किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटर आत सरोवरातून उचलतात, आणि वाऱ्याने हिरवा पट्टा नेमका तिथे आणून पाण्यात खोलवर घुसळला. वर आणखी एक. नंतरच्या संशोधनात असं दिसलं की त्या दिवसांत शेवाळाच्या पेशींना विषाणूंची लागण झालेली होती आणि त्यामुळे पेशी फुटून विष पाण्यात मोकळं झालं असावं. पेशी शाबूत असल्या तर गाळणीत बऱ्याचशा अडकतात. मोकळं झालेलं विष सरळ पार होतं.

चार लाखांवर लोक तीन दिवस नळाच्या पाण्याविना. दुकानातल्या बाटल्या सकाळी आठाच्या आत संपल्या. नवरा गाडी घेऊन मिशिगनमध्ये ॲन आर्बरपर्यंत गेला तेव्हा कुठे लेकीच्या दुधापुरतं पाणी मिळालं. नॅशनल गार्डचे टँकर आले. धडधाकट मोठ्या माणसांनी अंघोळ केली तर चालेल, लहान मुलांना आणि यकृताचा आजार असलेल्यांना नको, कुत्र्यामांजरांनाही पाजू नका, असं सगळं. सोमवारी ४ तारखेला महापौर कॉलिन्स यांनी पत्रकारांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं आणि बंदी उठली. आईने तो ग्लास टीव्हीवर बघितला आणि म्हणाली, "त्यांना पिऊ दे. आपण आठवडाभर बाटलीचंच पिऊ."

---

चहाबाज

भारी लिहिलंय. आईंचा शेवटचा डायलॉग फार आवडला.

एक शंका. किती विष होतं म्हणून एवढा गोंधळ?

---

मॉमीकाठची

जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आमच्या शुद्ध केलेल्या पाण्यात ते त्याहून वर निघालं. ही मर्यादा आयुष्यभर रोज पिण्याच्या हिशेबाने ठरवलेली आहे, त्यामुळे एक ग्लास प्यायलं की माणूस आडवा होतो असं नाही. पण लहान मुलांचं वजन कमी आणि पोटात पाणी जास्त, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकेने सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ०.३ आणि बाकीच्यांसाठी १.६ अशी दहा दिवसांपुरती वेगळी पातळी सुचवली.

---

मूळ_पुणेकर

आमच्याकडे नदीत आणि तळ्यांत दरवर्षी जलपर्णी माजते, दरवर्षी टेंडर निघतं, दरवर्षी काढतात. तेच ना हे?

---

मॉमीकाठची

नाही हो. जलपर्णी ही मुळं-पानं-जांभळी फुलं असलेली रीतसर वनस्पती. ती विषारी नाही. दोघींचं खाद्य मात्र एकच: सांडपाण्यातून येणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस. जलपर्णी काढली आणि सांडपाणी तसंच येत राहिलं तर मोकळ्या झालेल्या उन्हात हिरवं पाणी यायला वेळ लागत नाही.

---

रंकाळ्याचा_वारा

कोल्हापूरकर म्हणून यावंच लागलं. आमच्या रंकाळ्याचं पाणी एके काळी असं हिरवंगार झालं होतं की संध्याकाळी भेळ खायला जाणारे लोक नाकाला रुमाल लावून खात. नाल्यांचं मैलापाणी थेट तळ्यात. ताई म्हणतात तसाच ऑइल पेंटचा रंग. तेव्हा आम्ही "शेवाळ धरलंय" एवढंच म्हणायचो. विषाबिषाचं डोक्यातच नव्हतं.

वासाबद्दल सांगा ना काही. वास म्हणजे विष का?

---

मॉमीकाठची

नाही, आणि इथेच लोक फसतात. पाण्याला जो मातकट वास येतो तो जिओस्मिनचा. पहिल्या पावसानंतर मातीला येतो, तोच. काही सायनोबॅक्टेरिया तो बनवतात, पण तो निरुपद्रवी. मायक्रोसिस्टिनला स्वतःचा वास नाही, चव नाही, रंग नाही. शिवाय एकाच तवंगात विष बनवणारे आणि न बनवणारे मायक्रोसिस्टिस शेजारी शेजारी असतात, सूक्ष्मदर्शकाखालीही सारखेच दिसतात. फरक जनुकांत. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी "हे विषारी, हे नाही" सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रासायनिक चाचणी हवी.

---

शंकासुर

पण मुळात हे जिवाणू विष बनवतात कशाला? त्यांना आपला काय त्रास?

---

रानवेडी

@शंकासुर, लाखमोलाचा प्रश्न. पूर्वी वाटायचं, पाण्यातल्या बारीक किड्यांनी, डॅफ्नियाबिफ्नियांनी खाऊ नये म्हणून. पण ही विषं बनवणारी जनुकं प्राणी पृथ्वीवर येण्याच्याही आधीची आहेत असं त्यांच्या वंशावळीवरून दिसतं. म्हणजे मूळ काम काहीतरी वेगळं असणार. पेशीच्या आतला ताण सांभाळणं, लोह धरून ठेवणं, असे बरेच तर्क आहेत. आपलं यकृत या भांडणात फुकट सापडलं. रक्तातून यकृताकडे पित्ताम्लं नेणारे जे वाहक असतात, तेच मायक्रोसिस्टिनच्या या कडीला आत घेतात, आणि आत गेली की ती पेशीतली फॉस्फेटेज विकरं बंद पाडते. पेशीचा सांगाडाच कोसळतो.

आणि विष एकच नाही. ॲनाटॉक्सिन थेट मज्जातंतूंवर जातं. ते शोधणाऱ्यांनी त्याचं टोपणनाव 'अतिशीघ्र मृत्यूकारक' अशा अर्थाचं ठेवलं होतं. तळ्यावरून आल्यावर तासाभरात कुत्री मरतात ती बहुधा त्याने. कुत्रं पोहून आलं की अंग चाटतं ना.

---

डायलिसिसवाली

वीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये काम करते. हा धागा बघून ब्राझीलचं कारुआरू आठवलं. आम्हाला प्रशिक्षणात पाण्याचा धडा त्यानेच सुरू केला होता.

१९९६ चा फेब्रुवारी. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात तलावाचं पाणी टँकरने येत होतं, पुरेसं शुद्ध न केलेलं. १३१ पैकी ११६ रुग्णांना त्रास सुरू झाला: डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या. शंभर जणांचं यकृत निकामी झालं. वर्ष संपेपर्यंत ७६ जण गेले, त्यातले ५२ मृत्यू या विषाचे असं पुढे ठरलं.

तुम्ही-आम्ही पाणी पितो तेव्हा मध्ये आतड्याची भिंत असते. डायलिसिसच्या एका खेपेला रुग्णाच्या रक्ताचा शंभर-सव्वाशे लिटर पाण्याशी संबंध येतो, मध्ये एक पातळ पडदा फक्त. म्हणून सकाळी पहिली पाळी लागायच्या आधी मी आरओच्या नोंदी बघितल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाही. पोरं वैतागतात. वैतागू देत.

---

चहाबाज

बाप रे. हे कधीच ऐकलं नव्हतं.

---

भातखाचर

कोकणातून. आमच्याकडे कृषी खात्याचे लोक निळं-हिरवं शेवाळ भातखाचरात सोडायला सांगायचे, युरिया वाचतो म्हणून. वडिलांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये माती-पाणी घालून वाढवलंही होतं. ते हेच का? म्हणजे आम्ही विष पेरत होतो की काय?

---

रानवेडी

घराणं तेच, माणसं वेगळी :) खाचरातली ॲनाबिना, नॉस्टॉक ही मंडळी हवेतला नायट्रोजन धरतात. त्यांच्या माळेत मध्येच एखादी जाड भिंतीची पेशी दिसते, नायट्रोजनचा कारखाना तो. भाताला याचा फायदा होतो हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं. वडिलांचं काही चुकलं नाही. ॲनाबिनाचे काही वाण विषारी असतात हे खरं, पण दोन बोटं पाण्यात विखुरलेलं शेवाळ आणि तळ्यावर वाऱ्याने एका कोपऱ्यात गोळा झालेली साय यांत फार फरक आहे. धोका गोळा होण्यात आहे.

मायक्रोसिस्टिसला मात्र नायट्रोजन धरता येत नाही. त्याला तो आयता लागतो.

---

शंकासुर

अवांतर: लोणार गुलाबी झालं होतं २०२० मध्ये. तोही यांचाच उद्योग?

---

रानवेडी

नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तेव्हा तो रंग खारट पाण्यातल्या हॅलोआर्किया या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा निघाला. लोणारचं नेहमीचं हिरवेपण मात्र सायनोबॅक्टेरियाचं, स्पिरुलिनाच्या जातभाईंचं. पण लोणार खारं आणि अल्कधर्मी, इथे गोड्या पाण्याचं चाललंय.

---

ठिबक_आणि_टिपूस

आता माझं ऐका. बारा वर्षं शेततळं आहे, प्लास्टिक अंथरलेलं. मार्चपासून पाणी हिरवं होतं, ठिबकच्या लॅटरल चोक होतात, सँड फिल्टर दिवसातून दोनदा धुवावा लागतो. शेजारच्याने सांगितलं, मोरचूद (कॉपर सल्फेट) टाक, दोन दिवसांत पाणी आरशासारखं. दुकानातून आणलाय, उद्या टाकणार होतो. तेवढ्यात हा धागा. तळ्यावर दोन म्हशी आणि शेळ्या पाणी पितात. काय करू?

आणि एक. धागा ज्या दिशेने चाललाय त्यात शेवटी शेतकऱ्यालाच आरोपी करणार हे दिसतंय. शहराचं मैलापाणी नदीत, उजनी उन्हाळ्यात हिरवीगार, आणि बोलायचं शेतकऱ्याच्या खताबद्दल.

---

मॉमीकाठची

भाऊ, मोरचूद उद्या टाकू नका. आधी हे वाचा.

ऑस्ट्रेलियात पाम आयलंड नावाचं बेट आहे, मुख्यतः तिथल्या मूळनिवासींची वस्ती. १९७९ मध्ये तिथल्या धरणात शेवाळ माजलं, पाण्याला वास येऊ लागला, लोकांनी तक्रार केली. म्हणून मोरचूद टाकला. शेवाळ मेलं. आठवड्याभरात जवळजवळ दीडशे लोक दवाखान्यात, बहुतेक लहान मुलं. यकृत सुजलेलं, मूत्रपिंडं बिघडलेली. पेशी मेल्या आणि त्यांच्या पोटातलं सगळं विष एकदम पाण्यात आलं. ते विष पुढे सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन म्हणून ओळखलं गेलं.

आईचं पातेलं आणि तुमचा मोरचूद, गोष्ट एकच. मोरचुदानंतर पाणी आरशासारखं दिसतं तेव्हाच ते जास्त वाईट असू शकतं. हिरवं असताना निदान डोळ्यांना दिसतं तरी. मोकळं झालेलं विष पाण्यातले दुसरे जिवाणू हळूहळू खातात, पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे.

आधी एवढं करा. काचेची स्वच्छ बरणी घ्या, हातमोजा घालून तळ्यातलं पाणी पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवं तळाला बसलं असेल तर बहुतेक साधं शेवाळ. वर कडेला हिरवं कडं धरलं असेल तर सायनोबॅक्टेरिया असण्याची शक्यता जास्त. विष आहे की नाही ते यातून कळत नाही, पण जनावरं लांब ठेवायला एवढं पुरे.

आता शेतकऱ्यांचा मुद्दा. तुमचं अर्धं खरं आहे. साठीच्या दशकात ईरी सरोवर हिरवं झालं तेव्हा मोठे गुन्हेगार मैलापाणी आणि साबण-पावडरमधला फॉस्फेट हेच होते. त्याच सुमारास कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसरीकडे तेच अधिक फॉस्फरस. १९७३ मध्ये वरून घेतलेल्या फोटोत फॉस्फरसची बाजू हिरवी, दुसरी काळी नितळ. त्यानंतर वाद फारसा उरला नाही. १९७२ ला अमेरिका-कॅनडा करार झालाच होता, सांडपाणी केंद्रं सुधारली, साबणातला फॉस्फेट गेला, आणि ऐंशीच्या दशकात सरोवर खरोखर निवळलं.

नव्वदीच्या मध्यापासून हिरवं पुन्हा आलं. या वेळी मॉमी नदीतून, आणि तिचं खोरं म्हणजे मका-सोयाबीन. न नांगरता वरवर फेकलेलं खत, शेताखाली गाडलेले निचऱ्याचे पाइप, गोठ्यांचं शेण, आणि वसंतातला मुसळधार पाऊस. विरघळलेला फॉस्फरस सरळ सरोवरात. त्यात बाहेरून आलेले झेब्रा शिंपले: पाणी गाळून बाकीचं शेवाळ खातात आणि मायक्रोसिस्टिस थुंकून टाकतात! तेव्हा आरोपी एकच नाही. पण इथल्या खताची जबाबदारी अजून बहुतांशी ऐच्छिक आहे, आणि २०१५ चा बहर २०११ लाही मागे टाकून गेला.

---

मूळ_पुणेकर

घरचा आरओ, यूव्ही, कँडल यांतलं काय चालतं ते एकदा सांगून टाका.

---

मॉमीकाठची

कँडल मोकळं विष अडवत नाही. घरगुती यूव्हीचा डोस त्याला पुरत नाही. आरओ बरंचसं अडवतो, चांगला सक्रिय कार्बनही अडवतो, पण कार्बन वेळेवर बदलला तर. शहराच्या केंद्रात कार्बनची भुकटी आणि नंतर पुरेसं क्लोरीन, यांवर मुख्य भिस्त. मुख्य म्हणजे शाबूत पेशी आधी अलगद काढून घ्यायच्या आणि मगच क्लोरीनची मात्रा वाढवायची. उलट केलं तर पुन्हा पातेल्याचाच किस्सा.

---

ठिबक_आणि_टिपूस

बरणीचा निकाल.

काल संध्याकाळी खिडकीत ठेवली. सकाळी बघतो तर खालचं पाणी नितळ आणि वर काचेला बोटभर जाड हिरवं कडं. बायको म्हणाली, दह्यावर साय धरावी तशी धरलीय.

म्हशींना आणि शेळ्यांना बोअरच्या पाण्याचं टाकं भरून दिलं. तळ्याच्या कडेने जुनी साडी बांधून घेतली, जनावर आत जाऊ नये म्हणून. पंपाचं सक्शन पृष्ठभागापासून दोन हात खाली सोडलं, तर फिल्टर आज एकदाच धुवावा लागला. तळ्याच्या वरच्या अंगाला शेणखताचा ढीग होता, पावसात त्याचं पाणी तळ्यातच उतरायचं, ते आजवर लक्षातच आलं नव्हतं. उद्या ट्रॅक्टर लावून हलवतोय.

मोरचूद दुकानात परत दिला. दुकानदाराने पन्नास रुपये कापले. म्हणाला, पिशवी फोडलीत.